फ्रिजवरचे दोन कागद

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी मूळची नगरकडची, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. गेली चौदा वर्षं मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नला लागून असलेल्या उपनगरात राहते. नवरा मोटार कंपनीत इंजिनियर आहे, मुलगा सतरा वर्षांचा. शेजारी लेबनॉनहून आलेलं मुसलमान कुटुंब आहे आणि आमचं येणं-जाणं अगदी घरच्यासारखं. माझी आजी चर्चच्या मंडळीत भेटेल त्याला 'सलाम' म्हणायची हे सांगितलं, तेव्हा शेजारीण पोट धरून हसली होती.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी परराज्यातला एक प्रचारक इथल्या मशिदीसमोर येणार आहे. कुराणाची विटंबना करणार, असं त्याने जाहीर केलंय. आमच्या चर्चमधल्या पुरुषांच्या गटाने फलक घेऊन त्याच्या बाजूला उभं राहायचं ठरवलंय. नवरा म्हणतो जायला हवं. मुलगा फलक रंगवून मोकळा झालाय. 'फर्स्ट अमेंडमेंट आहे, आई' हे त्याचं पालुपद. तिकडे शेजारणीने एक अर्ज आणून दिलाय: धर्माचा अपमान करणाऱ्या निदर्शनांवर शहराने बंदी घालावी. चर्चचा नावनोंदणीचा कागद आणि हा अर्ज, दोन्ही माझ्या फ्रिजवर एकाच चुंबकाखाली आहेत. अर्जावर सही केली तर घरात आणि चर्चमध्ये मी फितूर. नाही केली तर शेजारणीला तोंड कसं दाखवू? ईदला तिने मामूल (खजूर भरलेली बिस्किटं) पाठवले होते, ती ताटलीसुद्धा अजून माझ्याकडेच पडून आहे.

असल्या गोष्टींना इथे परवानगीच कशी मिळते, ते मला कळत नाही. लहानपणी आमच्या गावात लोकांनी तक्रार करून आमच्या घरातली प्रार्थना बंद पाडली होती. ते सारखं आठवतं. कुठे सही करू?

उत्तर

दोन्ही कागदांवर करू नका, असं माझं मत. आधीच सांगून टाकते, कारण तुमची झोप उडालेली दिसते आणि अशा माणसाला तीन पानं वाचायला लावून शेवटी उत्तर देणं बरं नव्हे. मात्र दोन्हीकडे नाही म्हटलं की सुटलो, असं समजू नका. सही एका मिनिटात होते. मी जे सांगणार आहे त्याला महिना लागेल.

तुमच्या पत्रातला 'परवानगी' हा शब्द मला अडला. अशा गोष्टींना परवानगी कशी मिळते, असं तुम्ही विचारता. आपण भारतात वाढलेली माणसं हे गृहीतच धरतो की कुणीतरी साहेब टेबलामागे बसलाय आणि 'हे बोलू देऊ, ते नको' असं ठरवतोय. आपल्याकडे तसं कलमही आहे. लाहोरात १९२४ मध्ये पैगंबरांवर एक पुस्तिका निघाली, प्रकाशकावर खटला चालला, हायकोर्टाने त्याला १९२७ मध्ये सोडलं, आणि त्यावर उसळलेल्या संतापातून त्याच वर्षी इंग्रज सरकारने दंडविधानात धर्माच्या अपमानाला शिक्षा देणारं २९५-अ घातलं. आता न्यायसंहितेत ते २९९ झालंय. प्रकाशकाचा मात्र १९२९ मध्ये खून झालाच. 'भावना दुखावल्या' हा आपला रोजचा शब्दप्रयोग त्याच रस्त्याने कायद्यात शिरला. तुमच्या शेजारणीच्या देशातही धर्मनिंदा गुन्हा आहे. म्हणजे तिने अर्जात जे मागितलंय ते तिला आणि तुम्हाला दोघींनाही साधं, सरळ, माणुसकीचं वाटणारच.

अमेरिकेत ते कलम नाही. पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे तुमच्या मुलाची 'फर्स्ट अमेंडमेंट', १७९१ ची. ती 'तुम्ही वाटेल ते बोला' असं म्हणतच नाही, ती सरकारला सांगते की तू तोंड दाबायचं नाहीस. धर्माच्या बाबतीत या नियमाचा कस लागला तो १९४० मध्ये, आणि त्या प्रकरणात मुसलमान कुणीच नव्हतं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात, जिथे बहुतेक घरं कॅथलिकांची, अशा रस्त्यावर यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचा एक माणूस दोन मुलांना घेऊन फिरत होता. हातात फोनोग्राफ. त्यातल्या एका मुलाने रस्त्यात दोन माणसांना थांबवून 'रेकॉर्ड ऐकवू का?' असं विचारलं. ते हो म्हणाले. रेकॉर्डवर कॅथलिक चर्चला शिव्याशाप होते आणि ऐकणारे दोघेही कॅथलिक! 'इथून चालता हो, नाहीतर मार खाशील' असं ते म्हणाले, तो चालता झाला, तरी शांतताभंगाची शिक्षा झालीच. सुप्रीम कोर्टाने ती एकमताने रद्द केली. धर्माच्या बाबतीत माणसं एकमेकांना टोकाचं बोलणार, कधी निंदाही करणार, हे गृहीत धरूनच ते स्वातंत्र्य दिलेलं आहे, असा त्या निकालाचा आशय.

ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाच्या दारात जाऊन केलेल्या अपमानातून आलेला हा नियम आहे. तुमच्या चर्चमधल्या गटाला हे जरूर सांगा. ज्या हक्काचं नाव घेऊन ते मशिदीसमोर उभे राहणार आहेत, त्याच हक्काने उद्या कुणी त्यांच्या रविवारच्या उपासनेबाहेर येशूबद्दल काहीही लिहिलेला फलक धरील, आणि पोलीस त्या फलकवाल्याचं रक्षण करतील.

आता डिअरबॉर्नचं बोलू. २०१२ मध्ये मी मिशिगनमध्येच, ॲन आर्बरला राहत होते. त्याआधी दोनदा आम्ही वॉरन अव्हेन्यूवरच्या अरब महोत्सवाला गेलो होतो. जूनचा उकाडा, कोळशावरच्या मांसाचा वास, पाळण्यापुढे पोरांची रांग, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी माझ्या साडीच्या काठावरून बोट फिरवत अरबीत काहीतरी कौतुकाचं बोलली होती. तीन दिवस चालायचं ते, प्रवेश फुकट. २०१२ च्या जूनमध्ये परराज्यातून ख्रिस्ती प्रचारकांचा एक गट आला. इस्लामला रक्तपिपासू म्हणणारे फलक, ध्वनिवर्धक, आणि एका काठीवर खोचलेलं डुकराचं मुंडकं. पोरं आधी ओरडली, मग बाटल्या फेकू लागली. अंडी, कचरा, हाताला येईल ते. एका प्रचारकाच्या कपाळातून रक्त आलं. तेव्हा काउंटीच्या शेरीफच्या माणसांनी प्रचारकांनाच सांगितलं, 'निघा, नाहीतर तुमच्यावर गुन्हा दाखल करतो.' ते निघाले आणि कोर्टात गेले.

दोनदा हरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला. जमाव चिडला म्हणून बोलणाऱ्याला गप्प करायचं नाही. आधी जमावाला आवरायचं, बोलणाऱ्याचं रक्षण करायचं. नाहीतर काय होईल? ज्याला जे ऐकायचं नाही त्याने चार बाटल्या फेकायच्या, की पोलीस येऊन बोलणाऱ्याला उचलणार.

खरं सांगते, तेव्हा मला हा निकाल अजिबात पटला नाही. डुकराचं मुंडकं घेऊन लहान मुलांच्या जत्रेत शिरणं, याला बोलणं म्हणायचं? महोत्सव तर २०१३ पासून बंदच पडला. मी चरफडत बसले होते, आणि आज विचार केला तरी त्या माणसांबद्दल माझ्या मनात एक कणही आदर नाही.

पण २०१२ च्या त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यामध्ये मर्फ्रीसबरो गावी दुसरी गोष्ट घडत होती. तिथल्या मुसलमानांनी मशीद बांधायला घेतली, २०१० मध्ये बांधकामाचं यंत्र कुणीतरी पेटवलं, आणि ख्रिस्ती बहुसंख्य गावातले काही लोक कोर्टात गेले. इस्लाम हा धर्मच नाही, म्हणून त्याला धर्माचं संरक्षण लागू नाही, असा युक्तिवाद त्यांच्या वकिलाने चक्क कोर्टात केला. इस्लाम हा धर्म आहे, हे केंद्रीय न्याय विभागाला लेखी कळवावं लागलं! स्थानिक कोर्टाने परवानगी अडवली, जुलै २०१२ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने ती अडवणूक मोडली, आणि ऑगस्टमध्ये मशीद उघडली. गावातल्या बहुसंख्यांच्या भावना हा निकष लावला असता, तर ती मशीद झाली नसती.

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, तुमच्यापासून जवळच हॅमट्रॅमकमध्ये मशिदीच्या भोंग्यावरून अजान द्यायची की नाही, यावर रण पेटलं होतं. जुन्या पोलिश कॅथलिकांचं ते गाव. 'अल्लाह सर्वात मोठा हे मी दिवसातून पाच वेळा का ऐकायचं?' असं तिथल्या ख्रिस्ती रहिवाशांचं म्हणणं होतं. भावना त्यांच्याही दुखावल्याच होत्या की. नगर परिषदेने अजानला वेळेची चौकट घातली, मतदान झालं, आणि अजान राहिली.

शेजारणीच्या अर्जाकडे आता परत बघा. 'धर्माचा अपमान करणाऱ्या निदर्शनांवर बंदी' या वाक्यात धर्म कुणाचा आणि अपमान कशाने होतो, हे कोण ठरवणार? डिअरबॉर्नमध्ये आज महापौर मुसलमान आहे, निम्म्याहून जास्त लोक अरब वंशाचे आहेत. पण याच शहरात १९८५ च्या निवडणुकीत महापौरपदाच्या एका उमेदवाराने 'अरब प्रॉब्लेम'बद्दल बोलू या, असं पत्रक घरोघरी वाटलं होतं, आणि तो निवडूनही आला होता. त्या वर्षी हा अर्ज मंजूर झाला असता, तर कुणाची तोंडं बंद झाली असती? आणि तुम्ही स्वतः लिहिलंय की गावात तुमच्या घरातली प्रार्थना लोकांनी बंद पाडली. त्या लोकांनी तक्रारीत काय लिहिलं असेल असं वाटतं तुम्हाला? भावना दुखावतात, शांतता बिघडते, असंच ना?

शिवाय व्यवहाराची बाजू. असा ठराव झाला तर तो कोर्टात टिकणार नाही, समोरच्याच्या वकिलाची फीसुद्धा शहराच्या तिजोरीतून जाईल, आणि तो प्रचारक वर्षभर टीव्हीवर झळकेल. २०११ मध्ये फ्लोरिडाचा कुराणविरोधी पाद्री टेरी जोन्स डिअरबॉर्नला मशिदीसमोर यायला निघाला, तेव्हा सरकारी वकील कोर्टात गेले आणि न्यायाधीशाने शांततेची हमी म्हणून त्याला एक डॉलरचं बंधपत्र भरायला सांगितलं. त्याने नकार दिला, थोडा वेळ कोठडीत बसला आणि जगभरच्या बातम्यांत पोचला. वरच्या न्यायाधीशाने पुढे तो आदेश रद्दही केला. एका डॉलरमध्ये एवढी जाहिरात कुणाला मिळते?

शेजारणीला हे सगळं सांगू नका हं. निदान आधी नको. घाबरलेल्या बाईला खटल्यांची नावं ऐकवणं हा क्रूरपणा आहे. तिला विचारा, तुला नेमकी भीती कसली वाटते? मला शंका आहे की तिला त्या प्रचारकाची तितकी धास्ती नसेल. तो एक दिवस येईल आणि जाईल. तिच्या पोटात गोळा येत असेल तो या विचाराने, की त्या ओळीत ओळखीचा चेहरा दिसेल. तुमच्या नवऱ्याचा. बंदीचा अर्ज हा कदाचित 'तुम्ही आमच्या बाजूचे आहात का?' हे विचारण्याचा तिचा मार्ग आहे. ते सही न करताही सांगता येतं: 'यावर मी सही करणार नाही, कारण अशाच कागदाने आमच्या घरातली प्रार्थना बंद झाली होती. पण त्या शुक्रवारी मी तुझ्याबरोबर असेन.' एवढंच. मग त्या दिवशी खरोखर असा. मशिदीच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहायचं, की तिच्या सासूबाईंपाशी घरी बसायचं, ते तिला ठरवू दे. जोन्स आला त्याच सुमारास ख्रिस्ती आणि ज्यू धर्मगुरू त्या मशिदीत येऊन मुसलमानांच्या शेजारी उभे राहिले होते. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

आणि तिच्या घरात तरुण पोरं असतील तर एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा: काही फेकायचं नाही. थुंकायचं नाही, फलक हिसकायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. २०१२ च्या त्या प्रचारकांना कोर्टात जिंकून दिलं ते त्यांच्या वकिलाने नव्हे, पोरांच्या बाटल्यांनी. मोबाइलवर चित्रण करा, पाठ फिरवा, घरी या. मारण्याची धमकी, मशिदीचं दार अडवणं, कुणाला ढकलणं, मशिदीच्या मालमत्तेला हात लावणं, लोकांना तिथल्या तिथे हिंसेला चिथावणं, हे मात्र पहिल्या घटनादुरुस्तीत बसत नाही. असं दिसलं तर लगेच पोलिसांना सांगा. स्वतःच्या पैशाने आणलेली प्रत त्याने फाडली, तर ते बसतं. कितीही किळस आली तरी.

शहराकडे काही मागायचंच असेल, तर मागता येण्यासारखंही आहे. दोन्ही गटांत अंतर ठेवा, नमाजाच्या वेळी वाहतूक मोकळी ठेवा, ध्वनिवर्धकाची मर्यादा जी सगळ्यांना आहे ती यांनाही लावा. वेळ, जागा, आवाज यांचे नियम चालतात. मजकुराचे चालत नाहीत. असा अर्ज शेजारणीबरोबर बसून तुम्ही नव्याने लिहिलात, तर त्यावर मीसुद्धा सही करीन.

आता तुमच्या घरात येऊ. तुम्ही नवऱ्याबद्दल फार कमी लिहिलंय. पण पत्रात एक वाक्य होतं, जे वरच्या गोषवाऱ्यात घेतलं नाही: चर्चमध्ये लोक त्यांना अजून विचारतात, 'तू ख्रिस्ती कधी झालास?' चौदा वर्षं. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. तुमच्या पणजोबांच्या ओसरीवर ज्यांनी सुवार्ता आणली, त्यांच्याच देशातली माणसं आज तुमच्या नवऱ्याला नवशिक्या समजतात. आणि त्याच्या रंगावरून, आडनावावरून, पेट्रोलपंपावर कधी ना कधी त्याला मुसलमानही समजलं गेलं असेल. अशा माणसाला कुणी म्हटलं की 'ये, आमच्या ओळीत उभा राहा', तर पाय आपोआप तिकडे वळतात. त्याला तुमच्या शेजाऱ्यांचा द्वेष आहे असं मी तरी धरणार नाही. त्याला त्या ओळीत जागा हवी आहे. म्हणून 'जाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा हे विचारा: जागा मिळवायला हीच किंमत का? हाच फलक तू शेजारच्या दारावर टकटक करून त्यांच्या तोंडावर वाचून दाखवशील का? दाखवणार असशील तर जा. नसशील, तर मग रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना का दाखवायचा?

एक रुक्ष गोष्ट, पण सांगायला हवी. तो अजून नागरिक नसेल, ग्रीन कार्डावर किंवा एच-वनवर असेल, तर अशा ठिकाणी साधी धक्काबुक्की होऊन अटक झाली तरी कागदपत्रांत अडचण येऊ शकते. इमिग्रेशनच्या वकिलाशी आधी बोला. आणि खासगी कंपनीला पहिली घटनादुरुस्ती लागू नाही. फलकासह फोटो व्हॉट्सॲपवर फिरला आणि साहेबाने कामावरून काढलं, तर 'माझा बोलण्याचा हक्क' हे उत्तर तिथे चालेलच असं नाही. हे मशिदीसमोर जाणाऱ्यालाही लागू आहे आणि समोरच्या बाजूला उभं राहणाऱ्यालाही. आपल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता धर्मावरचे फॉरवर्ड ढकलणाऱ्यांनीही वाचून ठेवावं.

मुलाचं सोपं आहे. त्याला सांगा, फर्स्ट अमेंडमेंट सरकारला लागू आहे, आईला नाही. सतरा वर्षांचा आहे तोवर गाडीची किल्ली कुणाच्या हातात, ते घर ठरवतं. पण किल्ली काढून घेतली की काम संपलं असं नाही, कारण अठरावं काही लांब नाही. त्याने अरब माणूस म्हणजे मुसलमान असं समीकरण धरलंय का, ते बघा. डेट्रॉईटच्या आसपास कितीतरी अरब कुटुंबं ख्रिस्ती आहेत, आणि जुन्या काळी आलेल्यांत तर ख्रिस्तीच जास्त होते. लेबनॉनचे मॅरोनाइट आहेत, इराकमधले खाल्डियन आहेत (त्यांतले बरेच स्वतःला अरब म्हणवत नाहीत, पण ख्रिस्तीच). अरबीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती देवाला 'अल्लाह'च म्हणतो. एका रविवारी त्याला अशा चर्चमध्ये घेऊन जा आणि शेवटच्या बाकावर बसून ऐकू दे. मग फोर्ड रोडवरून गाडी हळू चालवत या: डिअरबॉर्नची मोठी मशीद आणि तिला लागूनच आर्मेनियन चर्च, एकाच ओळीत. त्याने रंगवलेला फलक ज्या दिशेला धरायचा आहे, त्याच दिशेला तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचलेल्या ख्रिस्ती लोकांचं देऊळ उभं आहे, आणि ते मशिदीशेजारी सुखाने नांदतंय.

त्याला आणखी एक गोष्ट सांगा; तरुण मुलाला ती भाषणापेक्षा लवकर कळेल. मे २०१५. ॲरिझोनात फीनिक्सच्या मशिदीसमोर अडीचशेच्या आसपास निदर्शक जमले. बरेचसे मोटरसायकलवाले, कित्येकांच्या कमरेला पिस्तूल, अंगात इस्लामला शिवी हासडणारे टी-शर्ट, हातात पैगंबरांची व्यंगचित्रं. निमित्तही होतं: त्याच महिन्यात टेक्सासमध्ये गार्लंडला व्यंगचित्रांच्या स्पर्धेवर हल्ला करून मारले गेलेले दोघे याच मशिदीत कधीकाळी यायचे. म्हणजे राग उगाच नव्हता. मशिदीतल्या लोकांनी काय करावं? त्यांनी त्यातल्या काहींना आत बोलावलं. तसला टी-शर्ट घातलेला एकजण बूट काढून आत गेला, संध्याकाळच्या नमाजाला गुडघे टेकून बसला, आणि बाहेर येऊन म्हणाला की असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या एकाने जाताना एका मुसलमानाचा हात हातात घेऊन सांगितलं, 'पुढच्या वेळी भेटीन तेव्हा हा शर्ट अंगात नसेल.' अडीचशेपैकी दोघांची ही गोष्ट. बाकीचे तसेच घरी गेले असतील, मी काही चमत्कार सांगत नाहीये.

राहिलं चर्च. तुमच्या पाळकांना भेटा, एकट्या भेटा, गटासमोर नको. 'मी सुवार्ता सांगण्याच्या विरोधात आहे' असं त्यांना वाटू देऊ नका, कारण तुम्ही नाहीच आहात. डिअरबॉर्नमध्येच एका सुदानी ख्रिस्ती पाळकाला महोत्सवाच्या आसपासच्या फुटपाथवर पत्रकं वाटायला मनाई झाली होती. तो भांडला आणि २०११ मध्ये कोर्टात जिंकला. पत्रक देणं वेगळं. घेणाऱ्याला नको म्हणता येतं, घडी घालून खिशात ठेवता येतं, रात्री एकट्याने वाचता येतं. फलकाला प्रश्न विचारता येत नाही.

आपल्याच मुलखात १८५७ मध्ये, जानेवारीपासून मेपर्यंत, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी आठवड्याच्या आठवड्याला वाद घालत होते. मिशनऱ्यांत जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकनही होता. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या धर्माची पिसं काढली; मवाळ म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागे, आणि ऐकायला सगळी मुंबई. तुमच्या पाळकांना मशिदीच्या इमामांशी तसा जाहीर संवाद करायचा असेल तर तुम्ही खुर्च्या मांडायला जा. मी तर म्हणते भांडा, कडाडून भांडा, त्रैक्यावर भांडा, येशू क्रुसावर मेला की नाही यावर भांडा. तुम्हाला आणि शेजारणीला ते सगळं एक आहे असं मला म्हणायचं नाही. ते एक नाहीच.

पाळक ऐकतीलच याची हमी मी देत नाही. गटातले दोन-चारजण तुम्हाला खरंच फितूर म्हणतील, आणि काही रविवार कॉफीच्या टेबलाशी तुमच्याभोवती जरा जास्तच मोकळी जागा असेल. नवराही कदाचित जाईल. गेला तर जेवण वाढून ठेवा आणि भांडण दुसऱ्या दिवशी करा.

आधी मात्र ती ताटली. ती परत न करता तुम्ही शेजारणीला टाळताय, आणि ती रोज खिडकीतून बघून समजत असेल की तुमचं उत्तर आलंच. या शनिवारी जा, शुक्रवारची वाट बघू नका. रिकामी न्यायची नाही, हे नगरच्या मुलीला मी सांगायला नको. करंज्या मात्र नकोत. तिच्या सासूबाईंना मधुमेह आहे असं तुम्हीच लिहिलंय. चिवडा न्या, तिखट जरा बेताचं ठेवा.